दिवा दिसायचा नाही, उजेड दिसायचा

नागपुरात अजून कुणी पत्ता विचारला, की आम्ही टॉकीज सांगतो. व्हरायटी चौकात उतरा. पंचशीलपर्यंत सरळ या. आनंद टॉकीजवरून लोहापुलाकडे वळा. महालात असाल तर नरसिंग टॉकीजपाशी थांबा, घ्यायला येतो.

व्हरायटी चौकात आज गांधीजींचा पुतळा आहे, सिग्नल आहे, दुकानांच्या चकचकीत काचा आहेत. ज्या व्हरायटी टॉकीजवरून चौकाला नाव पडलं, ती कधीच गेली. पण विशीतला ऑटोवाला सीताबर्डीच्या, म्हणजे आमच्या बर्डीच्या, गर्दीत मान बाहेर काढून "व्हरायटी, व्हरायटी" ओरडतो, आणि आमच्या पिढीच्या कानांत तीनच्या खेळाची घंटा वाजते. आमच्या शहरात नावं अशी चिवट असतात. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत १९५० साली नकाशातून गेला, नागपूरची राजधानी १९५६ साली गेली, तरी सिनेमाच्या धंद्यात आजही 'सी.पी. बेरार' नावाचा इलाखा आहे. सिनेमा कुठं किती चालला याचा हिशेब मांडताना ते नाव अजून घेतात. राज्य गेलं, राजधानी गेली, सिनेमावाल्यांनी नाव तेवढं सांभाळलं.

नाव जपायला पैसा लागत नाही. इमारत जपायला मात्र हात लागतो, आणि तो वरचेवर लागतो. हे आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं. मग टॉकीजच्या बाबतीत आमच्या शहराला ते का कळलं नाही, हा सल अजून जात नाही.

आम्ही महालातल्या वाड्यातली मुलं. मातीच्या भिंती, सागवानी खांब, कौलं, आणि पोटमाळ्यावर चढताना डोक्याला लागणारी तुळई. वाड्यात उजेड फार मोजका होता. चौकात पडेल तेवढा सूर्याचा आणि माजघरात एका बल्बचा. अशा घरातून निघून आम्ही टॉकीजच्या दारात उभे राहायचो, तेव्हा वेगळ्याच गावात आल्यासारखं वाटायचं. कोपरे गोल. खिडक्यांवर सिमेंटच्या लांब पट्ट्या, डोळ्यांवर भुवया असाव्यात तशा. दर्शनी भागात एक उंच मनोरा आणि त्यावर एकाखाली एक अशी उभी अक्षरं. जहाजाच्या कठड्यासारखे लोखंडी नळ्यांचे कठडे. खाली मोझेकची फरशी, तिच्यात पितळेच्या पट्ट्या बसवलेल्या. आणि आत गेल्यावर सगळ्यांत मोठं नवल म्हणजे बाल्कनी. एवढी माणसं डोक्यावर बसलेली, आणि खाली आधाराला एकही खांब नाही! आजी पहिल्यांदा आली तेव्हा बाल्कनीखालच्या खुर्चीवर बसायलाच तयार होईना. "हे कशावर उभं आहे ते आधी सांगा," म्हणाली.

आणि तो उजेड. छताच्या कडेनं सिमेंटची पन्हळ फिरवलेली असायची आणि तिच्या आत दिवे लपवलेले. दिवा दिसायचा नाही, उजेड दिसायचा. गुलाबी, मग निळसर, मग हळूहळू काहीच नाही. पडदा घड्याघड्यांनी वर जायचा. वाड्यातल्या एका बल्बवर अभ्यास करणाऱ्या पोरांना तेव्हाच वाटायचं, की पुढं सगळं जगच असं होणार. गोल कोपऱ्यांचं, खांबांशिवाय उभं राहणारं, दिवा न दाखवता उजेड देणारं.

त्या काळाला पुढचं फार दिसत होतं, आणि ते टॉकीजच्या नावांतही उतरलं होतं. आमच्या सदर भागात लिबर्टी. मुंबईतही १९४९ साली एक लिबर्टी सुरू झाली. तिचं नाव नुकत्याच मिळालेल्या स्वातंत्र्यावरून ठेवलेलं, आणि तिच्यात पहिला लागला तो 'अंदाज'. आमच्याकडे पंचशील. हा शब्द त्या दशकात दोन्ही कानांनी ऐकू यायचा. एकीकडून नेहरूंच्या १९५४ च्या करारातून, आणि दुसरीकडून दीक्षाभूमीवरून, जिथं १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. आणि सदरमध्येच स्मृती. तेव्हा त्या नावाकडे आमचं लक्षही नव्हतं, कारण आठवण काढण्याजोगं काही मागं पडलेलंच नव्हतं.

आमचा सिनेमा खरा उन्हाळ्यातला. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा घरात वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर दर अर्ध्या तासानं पाणी मारण्याची आमची पाळी, कांदा खिशात घालून बाहेर पडण्याची आईची सक्ती. अशा दुपारी दाराबाहेर 'एअर कूल्ड' अशी पाटी लावलेली टॉकीज म्हणजे पाणपोईच. कोणता सिनेमा आहे हे काही जण आत बसल्यावर विचारायचे. शेजारच्या मोठ्या आईनं एकच चित्र चार दुपारी पाहिलं. "कहाणी पाठ झाली, पण गारवा काही पाठ होत नाही," असं तिचं म्हणणं.

जायचं म्हणजे तयारीनं जायचं. डब्यात मुरमुरे, फल्लीदाणे, कधी आलूची भाजी-पुरी. पाण्याची सुरई नेता येत नसे, म्हणून पितळी फिरकीचा तांब्या. सायकली स्टँडवर लावल्या की पत्र्याचा नंबरी बिल्ला मिळायचा. तो हरवू नये म्हणून घरातल्या सगळ्यांत जबाबदार माणसाकडे द्यायचा, आणि तो माणूस तीन तास मुठीत बिल्ला धरूनच सिनेमा बघायचा. आधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट: कुठं धरण, कुठं पूर, कुठं पाहुण्या पंतप्रधानांच्या गळ्यात हार. मग गावातल्या कापडदुकानाच्या आणि दंतमंजनाच्या काचेच्या स्लाइडी. मग दिवे जात. बायका आणि लेकरं बाल्कनीत, कॉलेजची पोट्टी खाली, आणि पडद्याला नाक लावून बसणाऱ्या थर्ड क्लासच्या बाकांवर खरे दर्दी. शिट्ट्या तिथूनच सुरू व्हायच्या, आणि ढेकूणही तिथूनच घरी यायचे.

१९७५ साली 'शोले' आणि 'जय संतोषी माँ' एकाच वर्षी आले आणि आमच्या घरात दोन तट पडले. पोरं एकीकडे, आजी दुसरीकडे. आजीनं चपला बाहेर काढून ठेवल्या, पडद्यावर देवी आली तसे हात जोडले, कनवटीचे पैसे पडद्याकडे टाकले. खेळ सुटल्यावर चपला शोधायला अर्धा तास लागला, कारण बाहेर तशाच चपलांची रास पडली होती.

आमच्या घरात कुठलीच गोष्ट एका जन्मात संपत नसे. बाबांच्या धोतराची आधी पिशवी, मग पायपुसणं व्हायचं. आईच्या लुगड्याची वाकळ. पितळी भांड्यांना वर्षातून दोनदा कल्हई. छत्रीची काडी मोडली तर छत्रीवाला, स्टोव्हची पिन गेली तर स्टोव्हवाला, आणि ज्याला कुणीच नाही त्याला आजी. काही फुटलं, तुटलं, की ती ते हातात घेऊन म्हणायची, "मोडलं म्हणून टाकत नसतात, बाप्पा." भांडं, खुर्ची, कधी रुसलेला पाहुणा, सगळ्यांना हे वाक्य लागू.

टॉकीजच्या वस्तूही आमच्याकडे अशाच मुक्कामाला आल्या. तिकिटांची अर्धुकं पोथीत खुणेला. टॉकीजबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, पातळ, पिवळट कागदाच्या. फाटल्या की आई घट्ट खळ करून जोडायची, म्हणून त्यांच्यावर झुरळांचाही फार जीव. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या अजून आहेत. काही तिकिटांवर आण्यांचा भाव, काहींवर १९५७ साली आलेल्या नव्या पैशांचा.

आणि सगळ्यांत मोठी दौलत म्हणजे फिल्मचे तुकडे. फ्यूज गेलेला बल्ब घ्यायचा, बूड हलक्या हातानं फोडून आतल्या तारा काढायच्या, पाणी भरायचं. खोक्याला भोक पाडून तो बसवायचा, पुढं चिरेत फिल्मची पट्टी. एकानं अंगणात आरसा धरून ऊन आत पाडायचं. पट्टी उलटी धरली की भिंतीवर हिरॉईन सरळ. आरसेवाल्याचा हात हलला की हिरॉईन थेट छतावर. आमच्या गल्लीत या सिनेमाला तिकीट होतं, दोन चिंचोके.

हे तुकडे यायचे कुठून? प्रोजेक्टरच्या खोलीतून. पट्टी तुटली की ऑपरेटर फाटकी टोकं कातरीनं छाटायचा, टोकावरचा चिकट थर पात्यानं खरवडायचा, सिमेंट लावायचा, दाबून धरायचा आणि मशीन पुन्हा सुरू. खाली आम्ही बोंबलत असायचो, वर एक माणूस घामाघूम होऊन जोड घालत असायचा. छाटलेले तुकडे आम्हाला. मिनिटाला नव्वद फूट पट्टी पळायची. तीन तासांच्या सिनेमाची सगळी पट्टी उलगडली तर पाच किलोमीटरच्या आसपास भरायची, बर्डीवरून महाल गाठून परतीलाही लागावं एवढी. दोन मशीनं शेजारी शेजारी. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा, तेवढ्यात दुसरं सुरू करायचं. दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या. त्यांच्या टोकांमध्ये ठिणगीचा झोत पेटायचा, कांड्या झिजायच्या, आणि अंतर सांभाळायला माणूस तिथंच उभा. कधी एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची. मग रिळांचे डबे सायकलच्या कॅरियरला बांधून एक पोरगा भर उन्हात धावायचा, आणि त्याचं चाक पंक्चर झालं की शेकडो माणसं एकदम अंधारात हळहळायची.

खुर्च्यांचा वेत विणणारा वेगळा. पडद्याला टाके घालणारा शिंपी वेगळा. दर पावसाळ्याआधी छपरावर चढून पत्र्याचे बोल्ट आवळणारा वेगळा. टॉकीज आमच्या घरासारखीच चालत होती. मोडलं म्हणून टाकत नव्हते.

१९६१ साली बाबांनी रेशीमबागेच्या बाजूला घर बांधलं. आर्किटेक्ट ठेवायची ऐपत नव्हती. मिस्त्री होता, आणि त्यानं एका टॉकीजच्या बांधकामावर हात फिरवला होता. बाबांनी त्याला एवढंच सांगितलं, की गच्चीचा कोपरा टॉकीजसारखा गोल पाहिजे. मिस्त्रीनं एक खिळा ठोकला, त्याला दोरी बांधली, दोरीच्या टोकाला कोळसा, आणि गच्चीवर अर्धगोल ओढला. त्या रेघेवर विटा चढल्या. खिडक्यांवर भुवया आल्या. जिन्याला लोखंडी नळीचा कठडा आला. बैठकीत छताखाली सिमेंटची पन्हळ आली आणि तिच्यात दिवा लपला. पहिल्या संध्याकाळी बाबांनी बटण दाबलं आणि सगळे गप्प झाले. दिवा दिसत नव्हता, उजेड दिसत होता. आजी म्हणाली, "आता पडदा कधी वर जाते?"

पुढं आमच्या लक्षात आलं, की हे एका घराचं नाही. सकाळी सायकलवरून वस्त्यांमधून गेलं, की जागोजागी जहाजाचे कठडे, फाटकांवर उगवता सूर्य, गोल सज्जे. टॉकीजनं आमच्या पिढीला सिनेमा दाखवला तसं घर कसं असावं हेही दाखवलं होतं.

अशा इमारती घडवणारी माणसं आपल्यातलीच होती, हे फार उशिरा वाचनात आलं. वामन मोरेश्वर नामजोशी हे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? मुंबईच्या लिबर्टीची आतली सजावट त्यांची. जयपूरचं राजमंदिर त्यांचं, तेच ते, लोणी थापल्यासारख्या लाटांचं, दर्शनी भागावर तारे चमकणारं. ते १ जून १९७६ रोजी 'चरस' लावून सुरू झालं आणि अजून सुरू आहे. एका मराठी माणसानं राजस्थानात उद्याचं स्वप्न बांधून ठेवलं, आणि तिथल्या लोकांनी ते झाडून-पुसून, रंग देऊन चालतं ठेवलं. जयपूरला गेलेला माणूस आता हवामहलाबरोबर तेही बघून येतो.

आमच्याकडे काय झालं? एका दिवसात काहीच झालं नाही. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला. मग व्हिडिओ. मग केबल. १९९७ साली दिल्लीत देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स उघडलं आणि काही वर्षांत ते वारं आमच्याकडेही पोहोचलं. २०१० नंतर रिळं गेली, डबे गेले, सायकलवाला पोरगा गेला, ऑपरेटरच्या हातातलं जोडण्याचं कसब बिनकामाचं झालं. आधी बाल्कनी रिकामी पडू लागली, मग रंग उशिरा दिला जाऊ लागला, मग छपराचे बोल्ट आवळायला कुणी चढेना. पाणी मुरलं की आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते, फुगलेली सळई सिमेंटचा पोपडा ढकलते. मग कुणीतरी खालून बघून म्हणतं, इमारत धोकादायक झाली. मार्च २०२० मध्ये सगळ्याच टॉकीजना कुलूप लागलं, आणि देशभर कित्येकींचं ते उघडलंच नाही.

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दगड येतो. सीताबर्डीचा किल्ला, भोसल्यांचे वाडे, हायकोर्टाचा घुमट. ते जपायलाच हवं. पण सिमेंटला आपण म्हातारं समजतच नाही. ते म्हातारं झालं की आपल्याला ते नुसतं जुनाट वाटतं. मुंबईत लोकांनी चिकाटी धरली, म्हणून २०१८ साली तिथल्या गॉथिक इमारतींबरोबर आर्ट डेको, म्हणजे याच गोल कोपऱ्यांच्या, सिमेंटच्या शैलीतल्या इमारतींनाही जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात १९३३ चं रीगल आहे, १९३८ चं इरॉस आहे. इरॉस वर्षानुवर्षं बंद होतं, ते २०२४ साली डागडुजी होऊन नव्या पडद्यासह उघडलं. आफ्रिकेतल्या इरिट्रिया देशात अस्मारा नावाचं शहर आहे. त्या अख्ख्या शहरालाच २०१७ साली हा मान मिळाला, आणि त्याच्या कौतुकाच्या इमारतींत १९३७ सालची इम्पेरो नावाची टॉकीज आहे. आणि आपलं मुंबईचं मराठा मंदिर? १९५८ साली सुरू झालेलं. 'मुघल-ए-आझम'च्या शुभारंभाला तिथं रिळं हत्तीवरून आली होती. त्याच मराठा मंदिरात १९९५ पासून 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' कित्येक हजार दिवस लागत आला. तिकीट स्वस्त, पडदा मोठा, आणि स्टेशनवरून उतरलेला माणूस दोन घटका आत टेकतो. रोज दार उघडतं, म्हणून रोज झाडू फिरतो. रोज झाडू फिरतो, म्हणून गळती त्याच दिवशी दिसते.

आमचं सांगणं एवढंच आहे. टॉकीज जपायची म्हणजे तिला काचेत ठेवायची नाही. तिचं दार उघडं ठेवायचं. सिनेमा चालत नसेल तर नाटक चालू दे, गाण्याचा क्लास चालू दे, शाळांची स्नेहसंमेलनं होऊ देत. आतल्या खुर्च्या बदला, मशीन नवं आणा. पण तो मनोरा, ती गोल भिंत, ती खांबांशिवायची बाल्कनी आणि ती उजेडाची पन्हळ तेवढी राहू द्या. नागपुरात उरलेल्या प्रत्येक जुन्या टॉकीजची निदान एकदा मोजमापं घेऊन, फोटो काढून, कुणी बांधली आणि कुणी रंगवली ते लिहून ठेवा. ज्यांनी तिथं दार राखलं, तिकिटं फाडली, रिळं जोडली, ती माणसं अजून आपल्या गल्ल्यांत आहेत. त्यांना विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गच्चीच्या गोल कठड्याला मोठी भेग गेली. एक कोपरा हलायला लागला. नव्या मिस्त्रीला बोलावलं. पोरगा हुशार. हातानं वाजवून बघितलं, सळई कुठं फुगली ते बरोबर सांगितलं. मग म्हणाला, "काका, हे गोल काहून ठेवता? सरळ करून टाकू ना. खर्च बी कमी, जागा बी वाढते."

घरातल्या तीन पिढ्या गच्चीवर उभ्या होत्या. उत्तर कुणी द्यायचं हे ठरलं नव्हतं. शेवटी आमची धाकटी बहीण, जी आता स्वतः आजी झाली आहे, म्हणाली, "मोडलं म्हणून टाकत नसतात, बाप्पा."

पोरगा हसला. पण गोल काढायचा कसा? त्याच्याजवळ सरळ पट्टी होती, लेव्हल होती, लेझरचं यंत्र होतं. आम्ही त्याला खिळा दिला आणि दोरी दिली. कोळसा मिळाला नाही, नातवानं खडू आणला. जुन्या विटांचा माग काढत मध्य सापडला, खिळा ठोकला, दोरी ताणली. पोरानं गुडघ्यावर बसून सावकाश रेघ ओढली. ती साठ वर्षांपूर्वीच्या विटांवर नेमकी बसली. गंजलेली सळई घासून काढली, नवी जोडली, चार दिवस पाणी मारलं. चौथ्या दिवशी तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला, आणि खालूनच ओरडला, "काका, एखाद्या टॉकीजवानी दिसून राह्यलं!"

त्यानं सामान आवरायला घेतलं तेव्हा दोरी आणि खिळा आम्ही मागून घेतला. बिस्किटांच्या त्याच डब्यात, गाण्यांच्या चोपड्यांवर, नीट गुंडाळून ठेवला आहे. पुढच्या पावसाळ्यानंतर लागेल.